वहिनीला दिलेल्या पिवळ्या गोळ्या

माझ्या वहिनीची शस्त्रक्रिया वेळेवर झाली असती तर ती जगली असती, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तसं कुणालाच सांगता येणार नाही. पण ती वेळेवर झाली नाही, ती माझ्यामुळे. सर्जनने दिवस ठरवून दिला होता, गाठ सुपारीएवढी होती, आणि मी घरच्यांना म्हणालो की थांबलं तरी चालेल, माझ्याकडे गोळ्या आहेत. पुढे त्याच गोळ्यांमुळे सर्जनचा गैरसमज झाला. तेव्हा मी तिथेच उभा होतो, खरं कारण मला माहीत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. पहिल्या चुकीला कुणी भाबडेपणा म्हणेल. दुसरीला तसं नाव देता येणार नाही.

हे आता लिहायला बसलो ते रागाच्या भरात. मागच्या महिन्यात ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. त्यांच्या पत्नीला आतड्याचा कर्करोग आहे. खिशातून त्यांनी जीवनसत्त्वांची एक बाटली काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "याचा उंदरांवर गुण आलाय म्हणे. ऑपरेशन दिवाळीनंतर केलं तर चालेल ना? तोवर हे देतो." मी त्यांच्यावर इतका ओरडलो की शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. ते बिचारे बाटली उचलून म्हणाले, "तुम्ही त्या खात्यात होतात म्हणून विचारलं." त्यांनी काय चूक केली होती? मला जो प्रश्न एकेकाळी विचारला गेला होता, तोच त्यांनी विचारला. ओरडायचं होतं ते त्या वेळच्या माझ्यावर.

साठ सालच्या आगेमागे मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. घर नांदे गावात. शनिवारी दुपारी काम संपलं की सायकल काढायची, पाषाणवरून सूसचा चढ चढायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी पोहोचायचं. गावात शास्त्र शिकलेला मी पहिला. लोक मला मुलाचं डोकं दुखतंय इथपासून म्हैस आटली इथपर्यंत सगळं विचारत, आणि मी सगळ्याला उत्तर देत असे. तीच खोड पुढे महागात पडली.

आमचे साहेब कर्करोगावर काम करत. नवीन औषध शोधण्याच्या मागे ते नव्हते. ते म्हणत, "नवी किल्ली घडवायला आयुष्य जातं. घरात जुन्या किल्ल्यांचा जुडगा पडलाय, तो आधी लावून बघू." जुडगा म्हणजे दवाखान्याच्या कपाटात आधीपासून असलेली औषधं. हिवतापाच्या गोळ्या, जंताचं औषध, यीस्ट, जीवनसत्त्वं, शिवाय मधुमेहावर खेड्यापाड्यांत चघळतात तो सदाफुलीचा पाला. ही औषधं माणसाच्या पोटात गेलेली आहेत, ती किती सोसतात हे ठाऊक आहे, आणि गरिबाला परवडतात. त्यांतलं एखादं गाठीवर चाललं तर केवढं काम होईल! साहेबांचा हा विचार मला तेव्हा पटला होता आणि आजही पटतो. माझा राग त्या विचारावर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं काम पांढऱ्या उंदरांचं. एका उंदराची गाठ काढून तिचे बारीक तुकडे दुसऱ्या उंदरांच्या कातडीखाली सरकवायचे. गाठी धरल्या की अर्ध्या उंदरांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. मग कॅलिपर नावाच्या पोलादी चिमट्याने दर दोन-तीन दिवसांनी गाठी मोजायच्या. खोलीला भुशाचा आणि मुताचा वास यायचा आणि तो अंघोळीने जायचा नाही. वहिनी म्हणायची, "भावजी आले का बघा, उंदराचा वास आला."

त्या वर्षी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली हिवतापाची पिवळी गोळी कसाला लावली होती. कडू जहर. ज्या उंदरांना ती दिली त्यांच्या गाठी हळू वाढत होत्या. मी हरखून साहेबांना आकडे दाखवले. साहेबांनी गाठींकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "उंदरांचं वजन घेतलंस?" मी घेतलं. औषधवाले उंदीर खंगले होते. "त्यांची भूक मेलीय," साहेब म्हणाले. "उपाशी उंदराची गाठ औषधाशिवायही हळू वाढते. आधी ते निस्तर, मग उड्या मार."

मी मान डोलावली. पण डोक्यात राहिलं ते एवढंच, की गाठ हळू वाढते.

आता वहिनीविषयी. ती घरात आली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. मला ती पहिल्या दिवसापासून भावजी आणि तुमी म्हणायची आणि मी तिला तू. गावात तिचं नाव होतं ते आवणीसाठी. भाताची रोपं चिखलात लावत मागे मागे सरकायचं असतं, ती ओळ धरायची तर वहिनीने. तिची ओळ दोरी लावल्यासारखी यायची आणि बाकीच्या बायांना तिच्या वेगाने सरकावं लागायचं. आमच्याकडे आवणी सावडीने व्हायची. म्हणजे आज आमच्या बाया तुमच्या खाचरात, उद्या तुमच्या आमच्यात. मजुरी नाही, हाताला हात. आणि ज्या घरची बाई दुसऱ्याच्या चिखलात उतरली नाही, त्या घरच्या खाचरात कुणी उतरत नसे. मग रोप तरव्यातच, म्हणजे पेरलेल्या वाफ्यातच, पिवळं पडायचं.

ज्येष्ठ संपत आला असताना वहिनीला अंघोळ करताना छातीत गाठ लागली. तिने दुसऱ्याच दिवशी आईला सांगितलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. दुसऱ्याच दिवशी. एरवी आमच्याकडच्या बाया अशी दुखणी चोळीआड मरेपर्यंत ठेवतात. तिने ठेवलं नाही. शनिवारी मी घरी गेलो तेव्हा आईने मला सांगितलं आणि सोमवारी आम्ही तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. सर्जन उंच, घाईतला माणूस होता. त्याने गाठ तपासली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "बरं झालं लवकर आणलंत. गाठ सुटी आहे, हलते. पुढच्या आठवड्यात दाखल करा, काढून टाकू."

त्या रात्रीच्या जेवणानंतर ओसरीवर बोलणं झालं. दादा घोंगडीवर बसला होता, आई भिंतीला टेकून, वहिनी आतल्या दारात.

दादा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात आवणी हाय. हिनं खालच्या आळीच्या समद्या सावडी घेतल्यात. ही न्हाई गेली तर आपल्यात कोण येनार?"

"जळो ती आवणी," आई म्हणाली. "डाक्टर कापतो म्हणतोय ना, मग कापून घेऊ."

"आये, रोप तयार हाय. ते थांबत न्हाई."

"अन् गाठ थांबती व्हय?"

मग दादाने माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तू त्याच खात्यात हायेस. महिनाभर थांबलं तर चालंल का न्हाई?"

मी काय म्हणायला हवं होतं, ते आईने आधीच म्हटलं होतं. अक्षरशत्रू बाई, पण तिने नेमकं बोट ठेवलं होतं. मी नुसतं "आई म्हणते तेच" असं म्हटलं असतं तरी पुरे होतं. दादा काही दुष्ट नव्हता. त्याने ऐकलं असतं. पण मला विचारलं होतं ना! शास्त्र शिकलेल्याला विचारलं होतं. मी मांडी सावरून बसलो आणि साहेबांच्या आवाजात जुडग्याची गोष्ट सांगितली. म्हणालो, "महिन्याने काही बिघडत नाही. तोवर मी गोळ्या आणून देतो. गाठ वाढणारच नाही."

"उंदराचं औषिद मला?" वहिनी दारातून हसली. "उंदीर तरी बरं झालं का, भावजी?"

"झाले की," मी म्हणालो.

एकही उंदीर बरा झाला नव्हता.

प्रयोगशाळेच्या कपाटातून मी गोळ्या काढल्या. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर साहेबांनी मला उभं जाळलं असतं, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. मी औषध चोरलं, असंच म्हटलं पाहिजे. आणि त्याबरोबर एक कॅलिपरही पिशवीत टाकला, कारण मला गाठ मोजायची होती. वहीत आकडे लिहायचे होते. आपल्या वहिनीची गाठ आटते आहे आणि आपण ती आटवतो आहोत, हे मला बघायचं होतं. आज हे लिहितानाही संताप येतो.

दिराने भावजयीच्या छातीला हात लावायचा नाही, हे तर उघडच होतं. तेव्हा कॅलिपर मी आईच्या हातात दिला. कसा धरायचा, कसा मिटायचा, ते एका लिंबावर दाखवलं. आई आणि वहिनी आतल्या खोलीत जायच्या, दार लोटून घ्यायच्या. थोड्या वेळाने आई कॅलिपर तसाच उघडा धरून, दिव्याची वात विझू नये म्हणून ओंजळीत धरतात तसा, बाहेर घेऊन यायची. मी अंतर वाचायचो.

"किती झालं रं?"

"कमी झालंय, आई."

"देव पावला," म्हणून ती कॅलिपर कपाळाला लावायची.

दर शनिवारी आकडा कमी येत होता. उंदरांवर जे झालं नव्हतं ते वहिनीवर होत होतं. माझी छाती फुगली होती. एका शनिवारी आतून वहिनीचा आवाज आला, "आत्याबाई, लई दाबताय, दुखतंय मला." मी बाहेरून म्हणालो, "वहिनी, जरा सोस." झालं. एवढं एक वाक्य ऐकून माझ्या लक्षात यायला हवं होतं. आई तो चिमटा दर खेपेला जास्त आवळत होती. तिला आकडा कमी हवा होता, सुनेवर तिचा जीव होता. उंदीर मोजताना हात हलका ठेवायचा, हे साहेबांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आईला ते मी शिकवलं नव्हतं, आणि वहिनीच्या कण्हण्याचा अर्थ मला लावायचा नव्हता.

आवणी झाली. वहिनीने सगळ्या सावडी फेडल्या. गोळ्यांनी तिची अन्नावरची वासना गेली होती, सकाळी उमासे यायचे, तरी ती चिखलात उभी राहिली. आणि तिथेच खाचरात बायांच्या लक्षात आलं की ती पिवळी पडते आहे. त्या गोळीने कातडी पिवळी होते. लढाईवर गेलेले शिपाई त्या गोळ्या खाऊन पिवळे होत, हे पुस्तकात लिहिलेलं आहे आणि मी ते वाचलेलं होतं. कावीळ नव्हे, नुसता रंग. गोळी थांबवली की काही आठवड्यांनी उतरतो.

मी त्या शनिवारी बांधावर उभा होतो. एक बाई ओरडली, "काय गं, दुसऱ्यांदा हळद लागली का तुला?"

दुसरी म्हणाली, "नवरा तोच का बदलला?"

"नवरा तोच अन् सासू बी तीच," वहिनी वाकल्या वाकल्या म्हणाली. "मग हळद कशाला वाया घालवू गं?"

सगळं खाचर हसलं. मीही हसलो. हा रंग गोळीचा आहे, एवढंसुद्धा मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गोळीवरचा विश्वास उडेल असं मला वाटलं.

आवणी संपल्यावर लगेच दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. पण आकडे कमी येत होते ना! मीच म्हणालो, अजून थोडं बघू. श्रावण निम्मा झाला तेव्हा आई अडून बसली. "रंग बघ तिचा. ते काय न्हाई, उद्या न्यायचं." मी गोळ्या बंद केल्या आणि आम्ही तिला घेऊन गेलो. मनात म्हटलं, सर्जन गाठ बघेल आणि चकित होईल.

बाहेरच्या रुग्णांची खोली खचाखच भरली होती. सर्जनच्या मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. त्याने गाठीवर हात ठेवला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. मग त्याने तिचा दंड पाहिला, तळहात पाहिला.

"कावीळ कधीपासून?"

"महिना झाला असंल," आई म्हणाली.

"भूक?"

"मेलीया पार. उलट्या बी हायेत."

तो मागच्या पोरांकडे वळून इंग्रजीत म्हणाला की रोग यकृतात गेला आहे, इथे चाकू लावण्यात अर्थ नाही. मग वहिनी पडद्याआड चोळी घालायला गेली तेव्हा मराठीत, माझ्याकडे बघून, "रोग काळजात गेलाय. वेळ गेली. घरी न्या. खाऊ-पिऊ घाला."

त्याने तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली नाही. कावीळ असली की डोळ्यांचा पांढरा भाग आधी पिवळा होतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. वहिनीचे डोळे पांढरेशुभ्र होते. मी बघत होतो. घाईघाईत पुढच्या रुग्णाचं नाव पुकारणाऱ्या त्या माणसाचा मला आजही राग येतो. पण त्याला खरं कारण तरी माहीत नव्हतं.

मला माहीत होतं. "साहेब, ही कावीळ नाही, मी तिला हिवतापाच्या गोळ्या दिल्या आहेत." एवढंच वाक्य. ते माझ्या जिभेवर होतं. पण आमचे साहेब आणि हा सर्जन एकमेकांना ओळखत. गोळ्या कुठून आणल्या हे विचारलं गेलं असतं. नोकरी गेली असती. शिकाऊ पोरं हसली असती. आई शेजारी उभी होती, तिच्यासमोर मी चोर आणि मूर्ख दोन्ही ठरलो असतो. हे सगळं मी त्या क्षणात मोजलं. पुढच्या रुग्णाला जागा करून द्यायला आम्ही बाजूला झालो, आणि मी वहिनीची पिशवी उचलून बाहेर आलो.

टांग्यात वहिनीने विचारलं, "काय म्हणला?"

आई रडत होती. मी म्हणालो, "पुन्हा बोलावलंय."

घरी गेल्यावर गोष्ट आणखी बिघडली, आणि कशी ते सांगितल्याशिवाय माझी चूक पुरी कळणार नाही. आईने हिशेब मांडला. ज्येष्ठात गाठ सुपारीएवढी होती, गोळ्यांनी ती कमी होत होती, आणि श्रावणात रोग काळजापर्यंत पोहोचला. असं कसं? ज्याअर्थी पोहोचला, त्याअर्थी तो जुना असणार. "वर्सभर लपवलं असंल हिनं," आई म्हणाली. "मला उशिरा सांगितलं." जी आई शस्त्रक्रियेसाठी भांडली होती ती आता सुनेशी बोलेना. वहिनीचा भाऊ भेटायला आला, त्यालाही हेच ऐकवलं. तो जाताना बहिणीला म्हणाला, "आक्का, निदान आमाला तरी सांगायचंस." गावात बाया एकमेकींना तिचं उदाहरण देऊ लागल्या, की बाई, लपवलं की असं होतं.

वहिनी म्हणत होती, "मी दुसऱ्याच दिशी सांगितलं." कुणी खरं मानलं नाही. मी ऐकत होतो, शनिवारी येत होतो, तिच्या हातचा चहा पीत होतो.

काविळीची माळ देणारा एक माणूस होता, त्याच्याकडून आईने डोक्यावर घालायची माळ आणली. गोळी बंद झाली होतीच, रंग उतरायचा तेव्हा उतरत गेला. घटस्थापना झाली आणि एका सकाळी दादा प्रयोगशाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मळकं धोतर, हातात काठी. आत यायला धजत नव्हता.

"कावीळ उतरली रं तिची," तो म्हणाला. चेहरा उजळला होता. "माळेनं गुण दिला. मंग आता कापत्याल का? इचार की तुज्या डाक्टरला."

मला तो तिथे उभा राहिलेला बघवेना. मी सायकल काढली आणि थेट सर्जनकडे गेलो. सगळं सांगितलं. त्याच्यापुढे मी रडलो नाही, तेवढीही लाज उरली नव्हती.

तो म्हणाला, "डोळे पांढरे होते?"

"हो."

"तू पाहिलंस?"

"हो."

"मी पाहिले नाहीत," तो म्हणाला आणि टेबलावरची स्टेथोस्कोपची नळी त्याने हाताने दूर सारली. "ते माझं पाप. पण तू माझ्यासमोर उभा होतास. सगळं ठाऊक असलेला एकच माणूस त्या खोलीत होता आणि तो गप्प राहिला. उंदरांची गाठ कमी झाली म्हणून घरच्या बाईला गोळ्या देतोस? तुझे साहेब असं शिकवतात?"

"नाही," मी म्हणालो. "ते असं शिकवत नाहीत."

"उद्या घेऊन ये तिला."

नेली. आता गाठ हलत नव्हती. छातीला खुंट्यासारखी रुतून बसली होती, आणि काखेतही गाठी हाताला लागत होत्या. या वेळी त्याने नीट, सावकाश तपासलं, पापणीसुद्धा ओढून पाहिली. मग म्हणाला की आता कापून निघणार नाही, मुंबईला नेऊन किरणांचा, म्हणजे विजेचा शेक देता येईल, त्याने दुखणं थोडं आवरेल. मी त्याला हात जोडले होते की घरच्यांना कारण सांगू नका. त्याने माझ्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं, पण सांगितलं नाही. "ते तुझं काम आहे," म्हणाला.

साहेबांना मात्र त्याने कळवलं. साहेबांनी मला बोलावलं, उंदरांच्या खोलीची किल्ली काढून घेतली आणि काचेची भांडी धुवायला बसवलं. नोकरी गेली नाही. ज्या भीतीपायी मी गप्प बसलो, ती भीतीसुद्धा पोकळ निघाली. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. साहेब एवढंच म्हणाले, "आपल्या कामाचं नाव घेऊन तू हे केलंस. आता उद्या खरंच एखादी गोळी लागू पडली, तर लोकांनी आपल्यावर विश्वास का ठेवावा?" त्या पिवळ्या गोळीचं पुढे काय झालं असं कुणी विचारेल. उंदरांना पोटभर खायला मिळेल अशी व्यवस्था करून साहेबांनी कस पुन्हा घेतला. गाठी दोन्हीकडे सारख्याच वाढल्या.

मुंबईला जायचं ठरलं ते भाताची झोडणी झाल्यावर. तोपर्यंत वहिनीला दम लागू लागला होता. पुढची आवणी तिला बघायला मिळाली नाही, पण ते तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हतं.

झोडणीच्या दिवशी खळ्यावर सगळे होते. दादा आणि आळीतले दोन-तीन जण भाताच्या पेंढ्या बाजेवर झोडत होते. आई पलीकडच्या कडेला सूप घेऊन वारवत होती, वहिनीकडे पाठ करून. वहिनीला काम जमत नव्हतं, तरी ती खळ्यावर येऊन बसली होती आणि पेंढा बांधायला गवताचे आळे वळत होती. कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. तिने वळलेला आळा आळीतली एक बाई मान वळवून उचलून नेत होती.

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि हळू आवाजात सांगितलं. गोळीचा रंग, दवाखान्यातली ती सकाळ, माझं गप्प राहणं, सगळं. म्हणालो, "वहिनी, मला माफ कर."

ती आळा वळायची थांबली.

"म्हंजे तवाच कापता आलं असतं," ती म्हणाली.

"हो."

"अन् तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"गाठीचं ऱ्हाऊं द्या. ते माज्या नशिबात असंल नसंल." आता ती माझ्याकडे बघत होती आणि तिचा आवाज थरथरत होता, रागाने. "पर चार महिनं मला ह्या घरात लबाड म्हणत्यात. माज्या भावानं मान फिरवली. माज्या हातचं पानी पिताना आत्याबाई तोंड वाकडं करत्यात. तुमी समूर बसून च्या पीत व्हता, भावजी."

"माफ कर मला."

"मला कशापायी सांगताय? मला ठावंच हाय मी लपवलं न्हाई ते. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा की."

"सांगतो. संध्याकाळी आईला—"

"आता. हितं. ह्या समद्यांच्या म्होरं."

मी उठून उभा राहिलो. दादाच्या हातातली पेंढी वर गेलेली होती, मी त्याला थांब म्हणालो. बाकीच्यांचे हातही थांबले. मी म्हणालो, की वहिनीने गाठ लपवली नव्हती, की तो रंग काविळीचा नव्हता, की तो मी दिलेल्या गोळ्यांचा होता. दादाने पेंढी खाली ठेवली. तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मी परकी भाषा बोलतो आहे.

"मोठ्यानं बोला, भावजी," वहिनी मागून म्हणाली. "आत्याबाईस्नी वाऱ्यानं ऐकू आलं न्हाई."

आई सूप हातात धरून वळली होती. मी तिच्याकडे तोंड केलं आणि खळ्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणालो, "आई, वहिनीनं काही लपवलं नाही. तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, ते खरं होतं. तिला पिवळी मी केली. डॉक्टर कापणार होता, मी खरं बोललो नाही म्हणून त्यानं कापलं नाही. दोष तिचा नाही, माझा आहे. मी तिची माफी मागतो. तुम्हा सगळ्यांसमोर मागतो."